वाढदिवस उद्या, पडदा काळा

मंद्रूपमध्ये माणूस आजारी पडला तर आधी घरच्यांना कळतं, मग गल्लीला, मग गावाला. दुकानातला कॉम्प्युटर आजारी पडला तर थेट गावालाच कळतं. माणसाला निदान दार लोटून निजता येतं. दुकानाला दार नसतं, शटर असतं. ते सकाळी एकदा वर गेलं की गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाचा भाऊ, भावाला न्यायला आलेला मेव्हणा आणि कुणाचाच कोणी नसलेला, नुसता पेपर वाचायला बसलेला एखादा गृहस्थ, असे सगळेच त्या पडद्याचे भागीदार होतात.

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागलं की वडकबाळला सीना लागते, पुढं टाकळीला भीमा लागते आणि भीमा ओलांडली की कर्नाटक. या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात मंद्रूप. इथं पोलीस ठाणं आहे, अप्पर तहसील कार्यालय आहे, म्हणजे अर्ज आहेत. अर्ज आहेत म्हणजे झेरॉक्स आहे, झेरॉक्स आहे म्हणजे कॉम्प्युटर आहे, आणि कॉम्प्युटर आहे तिथं वाढदिवसाचा बॅनर आहेच. ज्या दुकानाची ही हकिकत, त्याच्या पाटीवर पॅन कार्ड, सातबारा, पीकविमा, लग्नपत्रिका वगैरे साध्या अक्षरांत लिहिलंय. खाली तांबड्या, फुगीर, पिवळी कड दिलेल्या अक्षरांत लिहिलंय, 'डिजिटल बॅनर एका तासात'. दुकानाचं भाडं ही शेवटची ओळ भरते.

आमच्या भागात कोण कोणाचा आणि किती, हे जाणून घ्यायचं असेल तर बॅनर वाचावा. सगळ्यात वर महापुरुष. त्यांच्याखाली मोठे नेते. मधोमध उत्सवमूर्ती: काळा गॉगल, पांढरा शर्ट, कानाला मोबाइल आणि नजर रस्त्यापलीकडच्या उसाच्या फडावर. तळाला शुभेच्छुकांची पासपोर्ट साइजची रांग. कुणाचं डोकं कुणापेक्षा किती मोठं असावं याचा कायदा कुठंही लिहिलेला नाही, पण तो मोडला की रात्री साडेदहाला फोन येतो. आमच्याच तालुक्यात हत्तरसंग कुडलला, भीमा आणि सीनेच्या संगमावर, एक बहुमुखी शिवलिंग आहे. एका दगडावर ३५९ मुखं. तिथल्याच मंदिरात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे, यावरून त्या जागेचं वय ध्यानात यावं. इतक्या शतकांत एकाही मुखानं 'मला जरा वर घ्या, शेजारच्याला बारीक करा' असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. बॅनरवर बारा मुखं असतात आणि बाराही जण फोन करतात.

हे सगळे फोन घेतो दुकानातला डिझायनर पोरगा. वय विशीचं, बोलणं कमी, माऊस जलद. गावातल्या प्रत्येक होतकरू चेहऱ्याची मागची भिंत पुसून, कडेनं कापून ठेवलेली प्रत त्याच्याकडं आहे. फोल्डरांची नावं 'फायनल', 'फायनल २', 'लास्ट फायनल' आणि 'दाजी म्हणाले ते फायनल'. मजकूर श्रीलिपीत, मांडणी कोरलड्रॉत, चेहरा उजळायचा तो फोटोशॉपात. श्रीलिपीचं कुलूप, म्हणजे यूएसबीला लावायचा तो छोटा तुकडा, मालकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. मोटारसायकलची किल्ली काढून दिली तरी चालेल, पण त्या तुकड्याला मालक कुणाला हात लावू देत नाहीत.

आता वीस बाय दहा फुटांचा बॅनर फोटोशॉपात उघडला की जुना कॉम्प्युटर धापा टाकायचा. गॉगल हलवला की गॉगल आधी जायचा, डोळे मागून यायचे. म्हणून मालकांनी सोलापुरातून एक सेकंडहँड ग्राफिक कार्ड आणलं. पडद्यावरचं चित्र रंगवायचं काम एकट्यानं अंगावर घेणारी ही पाटी नवी घ्यायची तर बैलजोडीचा हिशेब मांडावा लागतो. सेकंडहँड मात्र मधल्या काळात एकदम स्वस्त झाली. त्याचंही कारण आहे. जगभर लोक अशी कार्डं लावून इथेरियम नावाचं आभासी चलन 'खणत' होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमनं ती पद्धतच बंद केली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं रातोरात बेकार झाली. विकणाऱ्यानं मालकांना सांगितलं, "नाणी खणलेलं कार्ड आहे, कामाला वाघ आहे." नाणी खणून झाल्यावर वाघ मंद्रूपात भावी सरपंचांचे गाल उजळायला आला.

जुनं कार्ड एका कंपनीचं होतं, हे दुसऱ्या कंपनीचं. जुनं काढलं, नवं बसवलं, सोबत मिळालेला ड्रायव्हर टाकला. ड्रायव्हर म्हणजे विंडोजनं कार्डाशी कसं बोलायचं याचा कारभार बघणारं सॉफ्टवेअर. कार्ड डोळ्याला दिसतं, स्क्रू सोडवला की हातात येतं, म्हणून ते लक्षात ठेवून काढलं जातं. त्याचा ड्रायव्हर दिसत नाही, म्हणून तो आतच राहतो. शिवाय बहुतेक प्रोसेसरांच्या पोटातही एक साधी ग्राफिक चिप असते, तिचा तिसरा ड्रायव्हर. म्हणजे पडदा एक आणि त्यावर हक्क सांगणारे तीन. त्यातला एक तर अशा कार्डाच्या वतीनं भांडत होता जे आता प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटावर, गेल्या गणपतीच्या लाइटिंगशेजारी पडलेलं होतं.

मी पोचलो तेव्हा शटर वर होतं, झेरॉक्स मशीन सुरू होतं आणि त्याच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका युवा नेतृत्वाचा वाढदिवस होता. बॅनर अर्धा झालेला, फाइल आत, आणि पडदा काळा. सगळे मिळून त्या काळ्याकडं बघत होते.

"काय झालं बे?" मालकांनी विचारलं.

"चालूच होईना की ओ."

"पंखा तर फिरलालाय."

"पंखाच फिरलालाय."

आजार असा होता: बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह यायचं, खाली ठिपक्यांचं कडं फिरायचं, आता उघडणार असं वाटायचं आणि नेमका त्याच क्षणी काळोख. बंद करून पुन्हा लावलं की पुन्हा तेच. जाऊन येऊन काळोख. मधेच एकदा निळा पडदा आला, त्यावर रडवेलं तोंड आणि इंग्रजीत 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर'. पेपरवाल्या गृहस्थांनी ते मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून सांगितलं, "फेल झालाय."

ही टीडीआर भानगड २००७ च्या विंडोज व्हिस्टापासूनची. त्याआधी कार्ड अडकलं की सगळा कॉम्प्युटरच गोठायचा. मग मायक्रोसॉफ्टनं नियम घातला की कार्डाला काम दिल्यावर ते २ सेकंदांत हललं नाही तर त्याला झटका देऊन पुन्हा उभं करायचं; तरीही उठलं नाही तर निळा पडदा दाखवून सगळा खेळ थांबवायचा. दोन सेकंद! आमच्याकडं वारसनोंदीचा अर्ज देऊन आलेला माणूस ही मुदत ऐकून खुर्चीला धरून हसला.

आता उपाय. मंद्रूपमध्ये रोगी पाहिल्यावर औषध न सांगता निघून जाणं हा रोग्याचा अपमान समजतात. पहिलं औषध लाइटीचं. "व्होल्टेज नसंल." इथून जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. त्यामुळं व्होल्टेजबद्दल बोलताना आमच्या माणसाच्या सुरात सख्ख्या भावानं फसवल्याचं दुःख असतं. स्टॅबिलायझर आणला गेला. काळोख जास्त स्थिर झाला.

दुसरं औषध रॅमचं. रॅमची पट्टी काढायची, तिची सोनेरी कड शाळेच्या खोडरबरानं घासायची, फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. हा उपाय हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडच्या धुळीत तो पुष्कळदा लागू पडतो. पोरग्यानं डबा उघडला. आतून धूळ, एक मेलेला नाकतोडा आणि खंडेनवमीच्या पूजेतलं वाळलेलं झेंडूचं फूल निघालं. नव्या कार्डावरही मालकांनी हळदीकुंकू वाहिलेलं होतं, पंख्याच्या बरोबर मधोमध, त्यामुळं पंखा फिरला की लाल गोल दिसायचा. रॅम घासली. काळोख स्वच्छ झाला.

तिसरं औषध व्हायरसचं, ते सांगणाऱ्यालाही पटलेलं नव्हतं. चौथं मात्र रामबाण म्हणून चौघांनी एका तालात सांगितलं: "फॉरमॅट मारून टाक की बे."

फॉरमॅट हे आमच्याकडचं ब्रह्मास्त्र. मोबाइल तापला, फॉरमॅट. प्रिंटर अडला, फॉरमॅट. सुनेचं आणि सासूचं पटेना म्हटलं तरी हीच मंडळी क्षणभर थांबून तेच सुचवतील. पण फॉरमॅट शब्द ऐकताच पोरगा पडद्याच्या आडवा उभा राहिला. आत श्रीलिपी, आत कोरल, आत पाच वर्षांचे कापलेले चेहरे. गावाचं सगळं नेतृत्व त्या एका डी ड्राइव्हमध्ये, मागची भिंत पुसलेल्या अवस्थेत.

या सगळ्या औषधांत एक गोष्ट समान होती. प्रत्येकाला काहीतरी घालायचं होतं. स्टॅबिलायझर घाला, दुसरी रॅम घाला, अँटिव्हायरस घाला, नवी विंडोज घाला. "सोलापूरहून अजून मोठं कार्ड आणून घाला," असंही एक जण बोलून गेला. त्याला मालकांनी चहा दिला नाही. आत आधीच एक जण जास्त झालाय, ही शंका कुणाला आली नाही. येणार कशी? ज्या गावात बॅनरवरचा चेहरा वाढवला तर माणूस जोडला जातो आणि कमी केला तर पॅनेल फुटतं, तिथं काढून टाकणं हा उपाय सुचावा तरी कुणाला?

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी एक अक्का बाकावर बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सुरुवातीला चित्र दिसतंय नव्हं? मग टीव्ही चांगला हाय. मागनं कोणतरी दिवा मालवतंय." अक्कांकडं कुणी लक्ष दिलं नाही, कारण त्यांनी काही घालायला सांगितलं नव्हतं.

खरं तर निदान तिथंच झालं होतं. कंपनीचं चिन्ह दिसेपर्यंत पडदा अगदी प्राथमिक पद्धतीनं रंगवला जातो, तिथं कुणाचाही ड्रायव्हर लागत नाही. चिन्ह दिसलं म्हणजे मॉनिटर बरा, वायर बरी, कार्डही बहुधा बरं. ठिपके फिरत असताना विंडोज कारभार ड्रायव्हरच्या हाती देते, आणि काळोख नेमका तेव्हा पडत असेल तर दोष बहुधा त्या कारभाऱ्याचा. आतून कॉम्प्युटर ठणठणीत असतो, फक्त त्याला तोंड दाखवता येत नाही.

शेवटी सोलापूरच्या इंजिनिअरला फोन लागला. शिकून इंजिनिअर झालेला नव्हे, पण मंद्रूपमध्ये ज्याच्या बॅगेत चार प्रकारचे स्क्रूड्रायव्हर असतात त्याला इंजिनिअर म्हणतात. तो म्हणाला, व्हिडिओ कॉल करा. मालकांनी मोबाइल पडद्यासमोर धरला.

"काय दिसतंय मालक?"

"काळं."

"अजून?"

"त्यात मी."

इंजिनिअरनं मग कीबोर्डवरचं नम लॉक दाबायला सांगितलं. ही या धंद्यातली नाडीपरीक्षा. दाबल्यावर कोपऱ्यातला हिरवा दिवा लागतो-विझतो म्हणजे आत धुगधुगी आहे; ढिम्म राहिला तर रात्र मोठी. पोरग्यानं दाबलं. दिवा विझला. पुन्हा दाबलं, लागला. दुकानात आनंदाची लाट उसळली आणि मागून आलेल्या एका कानडी मामांनी "एनात्री?" म्हणून चौकशी केली. त्यांना सांगितलं, जिवंत आहे. मामांनी हात जोडले आणि मग कोण ते विचारलं.

इंजिनिअर मोटारसायकलवरून निघाला. तो वडकबाळचा पूल ओलांडून येईपर्यंत दुकानातल्या मंडळींना धीर म्हणून सांगण्यासारखं पुष्कळ होतं. या दुखण्यानं भलेभले मेटाकुटीला आलेत. व्हिस्टाबद्दल अमेरिकेत खटला चालला, त्यात मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं बाहेर आली. २००७ मध्ये नोंदवल्या गेलेल्या क्रॅशांपैकी २८.८ टक्के एनव्हिडिया या ग्राफिक कार्डांच्या एकट्या कंपनीच्या ड्रायव्हरांच्या नावावर होते, १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या. मार्च २०१० मध्ये याच एनव्हिडियाला आपला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागं घ्यावा लागला, कारण तो कार्डाच्या पंख्याचा वेग नीट सांभाळेना आणि कार्डं तापायला लागली. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी भर सभेत, कॅमेऱ्याकडं बघून, याच कंपनीला मधलं बोट दाखवलं. मे २०२२ मध्ये कंपनीनं लिनक्सच्या ड्रायव्हरचा एक भाग खुला केला. बोट आणि ड्रायव्हर यांच्यात दहा वर्षं गेली. पण आपला माणूस एवढ्यानं हरखत नाही. पेपरवाले गृहस्थ म्हणाले, "दहा वर्षांत झालं म्हणजे लवकरच झालं."

तेवढ्यात युवा नेतृत्वाचे दोन कार्यकर्ते बॅनरची प्रगती बघायला आले. त्यांना काळा पडदा दाखवण्यात आला.

"हे काय?"

"तुमचाच बॅनर आहे, आत आहे."

"दिसंना."

"आहे पण. दिवा बघा." आणि पोरग्यानं नम लॉक लावून-विझवून दाखवलं.

कार्यकर्ते अस्वस्थ झाले. आत असून दिसत नाही या अवस्थेची राजकारणात फार धास्ती असते. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ साली बेकायदा फलकांविरुद्ध निकाल दिला. राज्यभर त्याची अंमलबजावणी कशी झाली ते कोणत्याही चौकात उभं राहून बघावं. मंद्रूपात मात्र त्या दिवशी एका उरलेल्या ड्रायव्हरनं निकाल शब्दशः पाळायला लावला. चार तास गावात एकही नवा बॅनर लागला नाही.

इंजिनिअर आला. हेल्मेट काढलं, पाणी प्याला, आणि गर्दीकडं बघून पहिला प्रश्न विचारला, "कुणी काय काय घातलं?" अनुभवी माणूस. स्टॅबिलायझर बाजूला झाला. मॉनिटरची वायर त्यानं मागून तपासली, कारण कार्ड बसवल्यावरही वायर मदरबोर्डच्याच भोकात ठेवणारे महाभाग असतात. इथं ती बरोबर होती.

"एफ ८ दाबा ना," मागून एक जण म्हणाला. विंडोज ७ पर्यंत ते खरं होतं. सुरू होताना एफ ८ बडवत राहिलं की सेफ मोड यायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ आली, ती इतकी भरभर सुरू व्हायला लागली की एफ ८ ची वाट बघणंच तिनं सोडून दिलं. आमच्या लोकांनी मात्र बडवणं सोडलेलं नाही. कित्येक कीबोर्डांवर इतर अक्षरं धडधाकट आणि एफ ८ तेवढं पुसट. इंजिनिअरनं वेगळीच रीत केली. सुरू होता होता बटण दाबून धरून बंद केलं. पुन्हा सुरू, पुन्हा तसंच बंद. मालक कळवळले, "अरे, असं मधेच तोडू नको बे." पण असं लागोपाठ घडलं की विंडोजला स्वतःलाच शंका येते आणि ती दुरुस्तीचा निळा पडदा पुढं करते. त्यात ट्रबलशूट, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट, मग आकड्यांची यादी. त्यानं ४ दाबलं.

आणि उजेड पडला.

सेफ मोडमध्ये विंडोज सगळ्या बड्या ड्रायव्हरांना बाहेर बसवते आणि स्वतःजवळच्या साध्यासुध्या ड्रायव्हरवर पडदा चालवते. चित्र ओबडधोबड, अक्षरं ढोबळ, पडद्याच्या चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' असं लिहिलेलं. कार्यकर्त्यांनी चारही कोपरे वाचले आणि विचारलं, "हे शुभेच्छुक कोण?"

पेपरवाले गृहस्थ पुढं सरकले. त्यांनी चष्मा वर केला, पडदा वाचला आणि समाधानानं म्हणाले, "हेच ठेवा. किती चांगलं मोठं दिसतंय. आधीचं काय कामाचं, मुंगीच्या पायाएवढं." बाकावरच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आपल्या गावांत डोळ्यांना झेपणारा कॉम्प्युटर बघायचा असेल तर तो बिघडावाच लागतो, हा मुद्दा कुण्या कंपनीनं ऐकून घ्यायला हवा. पोरग्यानं बॅनरची फाइल शाबूत आहे का म्हणून उघडली, तर युवा नेतृत्वाचं तोंड दोन्ही बाजूंनी ताणलेलं. कार्यकर्ते घाबरले. पोरगा म्हणाला, "चेहरा ठीक आहे, पडदा तसा आहे." हे वाक्य त्यांनी साहेबांना कळवलं नाही.

मग खरं काम सुरू झालं, आणि ते बघण्यासारखं अजिबात नव्हतं. त्यानं आधी इंटरनेटची वायर काढली. कारण इकडं ड्रायव्हर काढेपर्यंत तिकडून विंडोज आपणहून तोच पुन्हा आणून बसवते. डिव्हाइस मॅनेजर उघडला. डिस्प्ले अडॅप्टरखाली नवं कार्ड दिसलं. मग त्यानं 'लपलेली उपकरणं दाखवा' या पर्यायावर क्लिक केलं आणि खाली आणखी एक नाव उमटलं, फिकट, पुसट. कपाटावरच्या पिशवीतलं जुनं कार्ड. मालक वाकून बघायला लागले. "हे अजून हितंच?" त्यांनी ज्या आवाजात विचारलं त्या आवाजात वाटण्या झालेल्या भावाबद्दल विचारतात.

इंजिनिअरनं पेन ड्राइव्हवरून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला. धंद्यातले लोक त्याला डीडीयू म्हणतात. जुन्या ड्रायव्हरच्या फाइली, नोंदी, कानाकोपऱ्यात उरलेले तुकडे तो हुडकून काढतो. पडद्यावर एकेक ओळ सरकत होती. जुन्याचा ड्रायव्हर गेला. मग नव्याचाही अर्धवट बसलेला ड्रायव्हर काढला. गर्दीला हे सहन होईना. "अहो, नव्याचा कशाला काढता?" "जागा मोकळी व्हायला पाहिजे," तो म्हणाला.

इथं जुलै २०२४ ची आठवण काढणं भाग आहे. १९ तारखेला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. विमानं थांबली, बँका थांबल्या, आपल्याकडं विमानतळावर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. तिथं ग्राफिक कार्डाचा संबंध नव्हता, पण औषध हेच होतं. सेफ मोडमध्ये जायचं, एक फाइल शोधायची, पुसायची, पुन्हा सुरू करायचं. न्यूयॉर्कच्या कचेऱ्यांतले तज्ज्ञ त्या दिवशी एकेका कॉम्प्युटरपुढं बसून जे करत होते तेच मंद्रूपात चाललं होतं. फरक एवढाच की त्यांच्या पाठीमागं ई-केवायसीची रांग नव्हती.

सगळं काढून झाल्यावर त्यानं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. चिन्ह आलं. ठिपके फिरले. ती जागा आली. दुकानात कुणी बोलेना. झेरॉक्स मशीनही त्याच वेळी कागद संपून थांबलं. आणि पडदा उघडला. मग नव्या कार्डाचा योग्य ड्रायव्हर, कंपनीच्या साइटवरून आणलेला, एकटा, बसवला. पुन्हा सुरू केला. अक्षरं बारीक झाली, पेपरवाले गृहस्थ नाराज होऊन जागेवर गेले, आणि युवा नेतृत्वाचं तोंड मूळ पदावर आलं. कार्यकर्त्यांनी लगेच खिशातून पाच नवे पासपोर्ट फोटो काढून पोरग्यापुढं ठेवले. "एवढे बसव की कुठंतरी."

आता बिल. मालकांनी विचारलं, "किती झाले?"

"पाचशे द्या."

"पाचशे? बदललं काय?"

"काही नाही."

"घातलं काय?"

"ड्रायव्हर. तो फुकट असतो."

"म्हणजे काढलंसच. घालणं काहीच नाही. मग पाचशे कशाचे बे?"

गर्दी मालकांच्या बाजूनं होती. नवा पार्ट टाकला असता तर हजार दिले असते आणि पार्टचं खोकं आठवडाभर काउंटरवर ठेवलं असतं. नुसतं काढून टाकायचे पैसे द्यायला कुणाचा हात खिशाकडं वळत नव्हता.

इंजिनिअरही शेतकऱ्याच्या घरातला होता. बॅगेची चेन लावता लावता म्हणाला, "मालक, खुरपणीला बाई लावता तुम्ही. ती रानात काय घालती? काढतीच की. हजेरी देता का नाही?"

दुकान गप्प झालं. मालकांनी जरा विचार केला. ते हिशेबी माणूस. "बरं," ते म्हणाले, "खुरपणीची हजेरी तीनशे. तुला तीनशे."

"आणि पेट्रोल? सोलापूरहून आलोय."

"खुरपणीची बाई पेट्रोल मागत नाही. चालत येती."

बाकावरच्या अक्का सकाळपासून ई-केवायसीसाठी ताटकळल्या होत्या. त्या उठून काउंटरपाशी आल्या, आधार कार्ड ठेवलं आणि म्हणाल्या, "कुठल्या जमान्यात हाय मालक तुम्ही? आता आमाला न्यायला दारात पिकअप येती. सोडायला बी येती. ह्या पोराला पेट्रोल द्या, आन् माझं केवायसी करा."

मालकांनी पाचशेची नोट काढली.